पोत्याच्या तळातली मिरची

आमच्या कॉलनीत फाल्गुन शिंकेनं येतो. पंचांग मी बघत नाही. सकाळी दहाच्या सुमाराला गल्लीच्या टोकाचं कांडप यंत्र धडधडायला लागतं, शेजारचे निवृत्त तलाठी गॅलरीत येऊन ओळीनं पाच शिंका देतात आणि मग घराघरातून साथ मिळते. गच्च्यांवर जुन्या साड्या अंथरल्या जातात, त्यांवर मिरच्या वाळत पडतात. रस्त्यानं जाणारा माणूस नाकाला रुमाल लावतो आणि पाय उचलून चालतो. सिडकोत राहायला येऊन मला तीस वर्षं होऊन गेली. इथं नळाला पाणी कोणत्या वारी येईल ते कुणी सांगू शकत नाही, पण या शिंका एकाही वर्षी चुकलेल्या नाहीत.

यंदा सगळ्यांच्या गच्च्या लाल झाल्या, माझी मोकळी आहे. माझी मिरची बाजारातून येत नाही. ती फुलंब्रीच्या पुढच्या आमच्या गावाहून येते, थोरल्या जाऊबाईंच्या घरून. त्यांना आम्ही सगळे अक्का म्हणतो. लग्न होऊन त्या घरात आल्या तेव्हा माझे यजमान सात वर्षांचे होते. अक्कांनीच त्यांना न्हाऊमाखू घातलं, शाळेत धाडलं. पुढं शेतं वाटली गेली, विहिरीच्या पाळ्या लागल्या, बैलपोळाही दोन्ही घरांचा वेगळा झाला. एक मिरचीचं पोतं तेवढं वाटणीत गेलं नाही. होळीच्या आत ते आमच्या दारात पोचायचंच. यंदा होळी होऊन बारा दिवस झाले. पोतं नाही आणि फोनही नाही.

गेल्या श्रावणात हे गेले. सकाळी मी चहा घेऊन खोलीत गेले तर हे उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय. तेव्हापासून मी हा फाल्गुन यायची वाट बघतेय, आणि वाट बघतेय असं म्हणण्यापेक्षा त्याला घाबरतेय असं म्हटलेलं बरं. पोतं यांच्यासाठी यायचं. दीर-भावजयीच्या मायेचं पोतं ते. मधला माणूस गेला. आता शहरातल्या जावेला मिरची पाठवायचं अक्कांना कारण काय? त्यातून मी एकदा जे करून बसले आहे ते त्या विसरल्या असतील असं मला वाटत नाही. मी असते तर विसरले नसते.

फोन करून विचारता येईल. पण मागून आणलेलं पोतं मला नको आहे. मला ते आपणहून यायला हवंय.

माझा स्वभाव संशयी आहे, हे मी आधीच कबूल करून टाकते. बत्तीस वर्षं मुलींच्या शाळेत गणित शिकवलं आणि दर मार्चमध्ये परीक्षेच्या वर्गांवर पहारा केला. कंपासपेटीच्या झाकणाच्या आत काय लिहिलंय, हातरुमाल एवढा नीट घडी घालून का ठेवलाय, जी मुलगी वर्षभर खाली मान घालून बसते ती आज खिडकीबाहेर का बघतेय, हे सगळं माझ्या डोळ्यांना आपोआप दिसतं. शाळा सुटली तरी डोळे सुटले नाहीत. दूधवाला हसला तर मी दूध उकळून साय मोजते. यजमान म्हणायचे, "तुला देवानं प्रसाद दिला तर तू आधी वास घेशील." घेईनच. प्रसादाचा शिरा किती वेळ उघडा पडलेला असतो, माहीत आहे का?

मिरचीच्या बाबतीत तर संशय हवाच. लवंगी मिरची सरळ असते. जिभेला लागली की तिथल्या तिथं निकाल. ब्याडगीचंही कोडं नाही. सुरकुतलेली, काळसर लाल, ती रंगासाठीच घ्यायची आणि तिच्याकडून तिखटाची अपेक्षा करायची नाही. माझा अविश्वास आहे तो या दोन टोकांच्या मधल्या मिरच्यांवर. मध्यम तिखट म्हणून ज्या विकल्या जातात त्या. संकेश्वरी घ्या. पहिल्या घासाला ती अगदी गोड वागते, चौथ्या घासाला मागून येऊन धरते. भज्यांची ती जाड, पोपटी मिरची तर त्याहून बिलंदर. नऊ भजी खाऊन पाहुणा बेसावध झाला की दहावं भजं त्याच्या डोळ्यांतून पाणी काढतं. त्याच झाडाची, त्याच टोपलीतली. कुठली कोण ते वरून कळतच नाही.

आमचे हे त्या मधल्या जातीचे होते. पाटबंधारे खात्यात नोकरी केली, कुणाशी भांडण नाही, कुणाच्या फार गळ्यातही नाही. जेवताना "कसं झालंय?" विचारलं तर "चांगलंय." पिठलं करपलं तरी चांगलंय. एवढ्या चांगल्या माणसाबद्दल मला पहिल्या वर्षापासून वाटत आलं की कुठंतरी पाणी मुरतंय.

सहा वर्षांपूर्वीचा फाल्गुन. खरं म्हणजे त्याची सुरुवात माघातच झाली. मी येसराची आमटी केली होती. आमच्याकडची येसराची आमटी म्हणजे भाजलेल्या धान्याचं आणि मसाल्याचं पीठ लावून केलेली, वर तिखटाचा तवंग आलेली. ती ओरपताना माणसाच्या कपाळावर घाम आला पाहिजे. त्या दिवशी तवंग असा आला की बघत राहावं. लालबुंद. आणि चव घेतली तर जीभ नुसती कोमट झाली. रंग एवढा आणि तिखट एवढंसं. ज्या मुलीचं अक्षर सुंदर आणि गणित चूक, तिनं ते कुणाचं तरी बघून लिहिलेलं असतं. माझ्या मनात पाल चुकचुकली.

फोडणीसाठी थोड्या अख्ख्या मिरच्या मी बरणीत राखून ठेवते. ती बरणी मी वर्तमानपत्रावर ओतली आणि उत्तरपत्रिका लावाव्यात तशा मिरच्या लावायला बसले. दोन ढीग झाले. एका ढिगात आमच्या रानातली गावरान, लांब, बारीक, पातळ सालीची, हलवली की आत बिया खुळखुळणारी. दुसऱ्या ढिगात आखूड, रुंद, गुबगुबीत, जाड सालीची कुणीतरी भलतीच. दोन्हींची देठं खुडलेली. तीन गावरान मिरच्यांमागं साधारण एक ही. मिरचीचं कूळ देठावरून लवकर कळतं, आणि देठंच नाहीत. हे सहज झालेलं नव्हतं.

मी लगेच निकाल लावून टाकला. चांगली तिखट मिरची अक्का विकतात आणि आमच्या पोत्यात कुठलीतरी फोपशी मिरची भरून वजन पुरं करतात. शहरातल्या नोकरदारांना काय कळतंय! यांना दाखवलं तर म्हणाले, "असेल एखादं वेगळं झाड. सोड ना." आणि पेपरात तोंड घातलं. पेपर उलटा नव्हता, पण पान बराच वेळ उलटलं गेलं नाही. तेही मी टिपून ठेवलं.

होळीच्या आधी पोतं आलं. अक्कांचा मुलगा रामेश्वर भाजीपाला घेऊन जाधववाडीच्या मंडईत येतो, येताना आमच्या दारात पिकअप उभी करतो. चाळिशीचा, घरदार झालेला माणूस. पण माझ्यापुढं उभा राहिला की अजून शाळेतल्यासारखे हात मागं बांधतो.

"काकू, पोतं कुठं ठिवू?"

"ठेवू नकोस. आलं तसं घेऊन जा."

"आँ? काहून?"

"अक्कांना म्हणावं, चांगली मिरची तुम्हाला राहू द्या. उरलीसुरली आमच्या गळ्यात मारायची असेल तर पाठवूच नका."

"काकू, मायनं सोता बसून देठं खुडलेत. दोन दिस हाताची आग व्हत होती तिच्या."

"तेच म्हणते मी. देठं कशाला खुडली?"

खाली मान घालून त्यानं पोतं परत गाडीत टाकलं. पिकअप वळली तेव्हा शेजारच्या गच्चीवरून दोन बायका बघत होत्या. आमच्याकडं माहेरचं किंवा सासरचं आलेलं धान्य माघारी लावणं म्हणजे दार लावून घेणं असतं. मला ते माहीत होतं. माहीत असून मी ते केलं, आणि करताना मला बरंही वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. संध्याकाळी यांना सांगितलं. हे अर्धी भाकरी कमी जेवले.

आता वर्षाची मिरची तर हवी. दुसऱ्या दिवशी गुलमंडीत थोडं काम होतं, ते उरकून मी मोंढ्यात गेले. रुमालात त्या गुबगुबीत मिरच्या बांधून घेतल्या होत्या, पुरावा म्हणून. मिरचीची दुकानं ओळीनं लागतात तिथं पाऊल टाकलं की घसा आपोआप आवळतो. पोत्यांची तोंडं दुमडून उघडी ठेवलेली, कुणाचा लाल रंग विटकरी, कुणाचा काळपट. एका दुकानात दाढीला मेंदी लावलेले वयस्कर गृहस्थ बसले होते. मी गावरान तिखट मिरची मागितली आणि वर बजावलं की भेसळ नको. मग रुमाल सोडून म्हटलं, "असली फालतू मिरची मिसळलेली अजिबात नको."

त्यांनी एक मिरची उचलली, मधून मोडली, वास घेतला आणि माझ्याकडं जरा रागानंच बघितलं.

"फालतू?" ताईला बाजी म्हणतात त्या बोलीत ते म्हणाले, "बाजी, ये चपाटा हय. वरंगल तरफ का माल. देखो कैसा चमडा हय इसका. शादी का नान-खलिया बनाते ना, उसमें येइच डालते लोगां. रंग आता, गला नई जलता. अचार में डालो, सालभर लाल रहता."

"पण फुलंब्रीकडं हिचं पीक..."

"नई होता उधर. उधर का कोई डाला तो यहां से खरीद के डाला."

"स्वस्त असेल म्हणून."

ते हसले. "तुम्हारे गावरान से महंगा हय बाजी. कोई दुश्मनी करने कू महंगा माल थोडी मिलाता."

मी तिथंच एका रिकाम्या खोक्यावर बसले. कुणी पाणी आणून दिलं, त्यांना वाटलं मिरचीच्या खकाण्यानं घेरी आली. मला घेरी उदाहरण चुकल्याची आली होती. स्वतःच्या रानातली मिरची काढून घ्यायची आणि तिच्या जागी पैसे मोजून त्याहून महाग मिरची भरायची, हा कुठल्या चोराचा धंदा? पायऱ्या सगळ्या बरोबर होत्या, उत्तर येत नव्हतं. मिरची न घेताच मी परत आले.

रविवारी यांना मैत्रिणीकडं जाते सांगून गाव गाठलं. एसटीतून उतरून रानातल्या घरापर्यंत चालत गेले. मार्चचं ऊन, दोन्ही बाजूंना कापणीला आलेला गहू. अक्का अंगणात पत्र्याच्या सावलीला बसल्या होत्या. ओट्यावर माझं पोतं होतं, सुतळीची गाठ जशीच्या तशी. त्यांनी ते आत नेलं नव्हतं, सोडलंही नव्हतं. आल्यागेल्याला दिसेल असं ते तिथं उभं होतं, आणि मला पहिल्यांदा लाज वाटली.

"ये. बस. पानी पे," अक्का म्हणाल्या. मी का आले ते विचारलं नाही.

मी पाणी प्याले, रुमाल सोडला आणि मिरच्या त्यांच्यापुढं ठेवल्या. "अक्का, ही मिरची तुमच्या रानातली नाही."

"नाय," त्या म्हणाल्या.

एवढ्या वर्षांत कॉपी करणाऱ्या कुठल्याच मुलीनं मला असं सरळ उत्तर दिलं नव्हतं.

"मोंढ्यातून आनते मी," त्याच म्हणाल्या. "दिगूसाठी."

यांचं नाव दिगंबर. जगात त्यांना दिगू म्हणणारं एवढं एकच माणूस.

"त्येच्या पोटात आग पडती. परसाकडं गेला की रगत जातंय. दोन वर्सं व्हऊन गेले. इथं आला तवा मला म्हनला, वहिनी, तिखट झेपत नाय आता. म्हनलं, आरं मंग बायकूला सांग की. तर नको म्हनला."

"का?"

अक्कांनी हातातल्या मिरच्या खाली ठेवल्या. "म्हनला, ती इचारंल. भाईर काय खाल्लं, कुठं खाल्लं, कुनासंगं खाल्लं. डागदरापुढं नेऊन त्या डागदराचीच झडती घेईल. म्हनला, तेवढं सांगायची मह्यात ताकद नाय."

अंगणात कोंबड्या फिरत होत्या. मी त्यांच्याकडं बघत राहिले. नाकाला मिरच्या झोंबणं म्हणतात ते मी शेकडो वेळा बोलले असेन. त्या दिवशी ते डोळ्यांना, कानांना, सगळीकडं झालं. मला राग आला. मग हेवा वाटला, की हे दुखणं या माणसानं आपल्या भावजयीला सांगितलं आणि जिच्यासमोर रोज दोन वेळा ताटावर बसतो तिला नाही सांगितलं. आणि या दोन्हींच्या खाली आणखी एक गोष्ट होती: ते म्हणाले ते खरं होतं. मी अगदी तेच प्रश्न विचारले असते, त्याच क्रमानं.

"आन् दुसरं बी एक हाये," अक्का म्हणाल्या. "तुझ्या हाताची आमटी त्येला लई आवडती. तिखट कमी कर म्हनलं की तुला वाटंल, चव गेली. म्हून मीच म्हनलं, थांब, मी रंगाची मिसळून देते. लाल तर दिसंल. तिला कळायचं नाय."

"मला कळलं."

"व्हय," अक्का म्हणाल्या. "पोतं माघारी आलं तवा मला बी कळलं." त्यांचा आवाज तेवढ्यापुरता हलला. "वाटन्या झाल्या तवा मला घर तुटल्यावानी वाटलं नव्हतं गं. परवा वाटलं."

मी त्यांचे हात बघितले. बोटांची टोकं लाल होती, नखांच्या कडांना सुजलेली. मिरचीची देठं खुडायची म्हणजे दोन दिवस ना डोळ्याला हात लावता येतो, ना नातवाला जवळ घेता येतं. बाजूला वाटीत तेल ठेवलेलं होतं. मी ते घेतलं आणि त्यांच्या बोटांना चोळत बसले. माफ करा वगैरे म्हणायला मला जमलं नाही. ते मला अजूनही जमत नाही.

निघताना मी ओट्यावरचं पोतं उचललं. अक्का रामेश्वरला हाक मारणार होत्या, मी नको म्हटलं. परतीच्या एसटीत मी ते पायाशी घेऊन बसले आणि फुलंब्री ते सिडको अर्धी गाडी शिंकत आली. कंडक्टर म्हणाला, "मावशी, याचं तिकीट नाय, पर दंड घ्यायला पायजे तुमचा."

घरी हे दारातच भेटले. पोत्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "हे परत कसं आलं?"

"मला वाटलं, असू द्यावं," मी म्हटलं.

त्यांनी पोतं आत नेलं. त्यांनी काही विचारलं नाही आणि मीही काही विचारलं नाही. माझ्यासाठी ते किती अवघड होतं ते कुणाला सांगून पटणार नाही. प्रश्न अगदी जिभेच्या शेंड्यावर येऊन उभे राहायचे. दवाखान्यात दाखवलं का? काय म्हणाले? औषध घेता का, कुठं ठेवता? मी कपाटात शोधलं, फायलींमागं एक पुडकं सापडलं, आणि ते होतं तिथं परत ठेवलं. पुढची पाच वर्षं दर महिन्याला तेवढं एक तपासत राहिले, गोळ्या कमी होतायत ना. स्वभावाला औषध नाही.

तीच पाच वर्षं मी त्या मधल्या मिरच्यांची ओळख करून घेतली. चपाट्याचा तवंग कोमट तेलात चढतो, कडकडीत तेलात जळून काळा होतो, हे शिकले. भरताला लवंगी सोडून जाड हिरव्या मिरच्या विस्तवावर भाजून घालायला लागले. त्यांची साल सुटते, आत नुसता वास आणि जिभेला हलका चटका उरतो. पोपटी मिरच्यांना मधून चीर देऊन दाण्याचं कूट, तीळ आणि चिंचेचा कोळ भरायचा. उन्हाळ्यात ताकात मुरवलेल्या सांडग्या मिरच्या वाळवायच्या, तळल्या की कुरकुरीत होतात आणि भाताबरोबर हे चार-चार खायचे. "चांगलंय," म्हणायचे. मी त्यांच्या वाटीत तुपाची धार सोडायची आणि ती सहज सोडल्यासारखं दाखवायची. त्यांना वाटे मला माहीत नाही. मला वाटे त्यांना कळत नाही. होळीच्या आत पोतं यायचं, रामेश्वर गेला की मी कोपरापर्यंत हात घालून तळातली मूठ काढायची, त्यात चपाटा आहे ना ते बघायची. आधी ज्यासाठी भांडले तेच आता शोधत होते.

आणि यंदा तेही नाही.

हे सगळं मी दोन बैठकांत लिहिलं. पहिली बैठक वरच्या ओळीला संपली. मध्ये पाडवा झाला. पाडव्याच्या आदल्या दिवशी मी पिशवी घेऊन मोंढ्याच्या रिक्षात बसले होते आणि क्रांती चौकातून उतरून परत आले. आज सकाळी पिकअपचा हॉर्न वाजला.

रामेश्वरनं पोतं दारात ठेवलं, हात मागं बांधून उभा राहिला. "काकू, उशीर झाला. मायला ताप व्हता पंधरा दिस. देठं तिलाच खुडायची असत्यात, दुसऱ्याला हात लावू देत नाय."

ताप खरा की बहाणा, हे माझ्या मनात येऊन गेलं. त्याला चहा दिला, वाटेला लावलं आणि दार लावून पोत्याची सुतळी सोडली. हात घातला. वर गावरान. मधे गावरान. कोपरापर्यंत गेले तरी बोटांना लांब, बारीक, खुळखुळणारी गावरानच. चपाटा नाही. म्हणजे ते सगळं त्यांच्यासाठीच होतं. ते गेले, मिसळणं संपलं. मला नुसतं रीतीचं पोतं आलं. असंच होणार हे मला माहीत होतं, तरी तिथंच फरशीवर बसून राहिले.

मग हात तसाच आणखी खाली नेला आणि तळाशी कापड लागलं. ओढून काढलं. अक्कांच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं गाठोडं. आत चपाटा, एकेक देठ खुडलेला, एकही डागी नाही.

मी फोन लावला. हात तिखटाचे होते, फोनही तिखट झाला.

"पोचलं का?" अक्का म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता. ताप खरा होता.

"पोचलं. हे गाठोडं वेगळं कशाला?"

"आता कुनापासून लपवायचं? तुझं तू मिसळ. पर मिसळ बरं का. तुझं बी वय झालंय, कोन बघनार हाये तुझ्या पोटाकडं?"

मी हिशेबाचंच विचारलं. "किती घालायचं? तीनाला एक?"

"पयले तसंच घालत व्हते. मागले दोन वर्सं निम्मंनिम्म. त्येचं लई वाढलं व्हतं गं."

दोन वर्षं निम्मंनिम्म. मी तळातली एक मूठ काढून, चपाटा आहे म्हणून समाधान मानून, पोतं बंद करत होते. मोजलं नव्हतं. सगळ्या जगाचं मोजत आले आणि ते मोजलं नाही.

"अक्का," मी विचारलं, "मला ठाऊक असल्याचं यांना कळलं होतं का?"

पलीकडं त्यांनी कोंबड्यांना हुसकल्याचा आवाज आला.

"तू पोतं एसटीनं आनलं, त्याच दिवशी कळलं त्येला. दुसऱ्या दिशी मला फोन केला. म्हनला, वहिनी, तिनं काय बी इचारलं नाय. येक सबुद नाय. म्हनला, आता तुमी बी काय बोलू नका, तिला तसंच राहू द्या." अक्का खोकल्या. "रडत व्हता. पर खुशीत व्हता."

दुपारी मी गावरान आणि चपाटा निम्मेनिम्मे केले, गच्चीवर ऊन दाखवलं आणि चार वाजता पोतं घेऊन कांडपावर गेले. कांडपवाली सुभद्रा खुलताबादकडची. तिचे दीर अजून मेंढरं घेऊन हिंडतात, हिनं इथं यंत्र टाकलंय. माझी तिथं बसायची जागा ठरलेली आहे. यंत्राच्या अगदी तोंडाशी स्टूल, नाकाला ओला पदर, आणि डोळे सुभद्राच्या हातांवर. आधीच्याची उरलेली पूड माझ्यात येऊ नये म्हणून पहिली मूठ बाजूला काढायला लावायची, आणि शेवटची मूठ यंत्रात राहू नये म्हणून ब्रशनं झाडून घ्यायची. वीस वर्षं मी एकदाही पापणी लववली नाही.

तिनं स्टूल पुढं सरकवलं. मी पोतं तिच्यापुढं ठेवलं आणि म्हटलं, "होऊ दे तुझं. मी बाहेर बसते."

यंत्र चालू करायला गेलेला तिचा हात तसाच राहिला. मला तिनं वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. मग पोत्याचं तोंड उघडून आत बघितलं आणि कोपरापर्यंत हात घालून तळातली मूठ वर काढली.

"मास्तरीनबाई," ती म्हणाली, "खरं सांगा, काय घातलंय ह्याच्यात?"